पेटी, तंबू आणि ‘आक्रीत’

निजामाचे राज्य सप्टेंबर १९४८ मध्ये संपले, मराठवाड्याचे पाच जिल्हे १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात आले आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात समाविष्ट झाले. चित्रपटांच्या घाऊक व्यापाराने मात्र हा बदल फारसा मनावर घेतला नाही. या व्यापारात देशाचे जे भाग पाडले जातात त्यांना ‘सर्किट’ किंवा ‘टेरिटरी’ म्हणतात. एका सर्किटमध्ये चित्रपट दाखवण्याचा हक्क विकत किंवा हमी रकमेवर घेणारा तो वितरक. मुंबई, पुणे, कोल्हापूर हे मुंबई सर्किटमध्ये मोडत, विदर्भ आणि खानदेश ‘सीपी-बेरार’मध्ये, आणि बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद, औरंगाबाद हा टापू ‘निजाम’ नावाच्या सर्किटमध्ये हैदराबादच्या जोडीने गणला जाई. राज्य गेले, नाणे गेले, कचेरीतील उर्दू गेली. तरी पोस्टरच्या मागे होणाऱ्या व्यवहारात निजाम टिकून राहिला आणि मराठवाड्याच्या पडद्यावर काय यावे, काय येऊ नये, याचा बराचसा निकाल त्या जुन्या सीमांच्या आधाराने लागत राहिला.

बीड तालुक्यातील लिंबागणेश हे गाव या व्यवस्थेच्या टोकाला वसलेल्या गावांचा नमुना म्हणून घेता येते. बीड शहराच्या नैर्ऋत्येस, बालाघाटाच्या रांगेत, मांजरसुंबा आणि पाटोदा यांच्या बाजूला असलेले हे गाव गणपतीच्या देवस्थानामुळे पंचक्रोशीबाहेर ओळखले जाते. जवळच कपिलधार येथे मन्मथस्वामींची समाधी असून तेथे कार्तिकी पौर्णिमेला मोठी यात्रा भरते. जमीन बरड, पाऊस बेभरवशाचा, आणि दिवाळीच्या सुमारास या टापूतील हजारो कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन, म्हणजे हंगामाआधीच मजुरीपोटी रक्कम घेऊन, ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. बीड शहराला रेल्वे मिळायला २०२५ साल उजाडावे लागले. अशा गावाला पक्के चित्रपटगृह म्हणजे तालुक्याचे किंवा जिल्ह्याचे ठिकाण. गावाच्या अंगणात येणारा सिनेमा हा तंबूतलाच. या तंबूच्या धंद्याचा इतिहास नजरेसमोर ठेवल्याशिवाय, मराठवाड्याच्याच एका घटनेवरून घेतलेला ‘आक्रीत’ (१९८१) हा मराठी चित्रपट इतका विस्मृतीत का गेला आणि आज तो का पाहावा, याचे उत्तर मिळत नाही.

तंबूचा सिनेमा, ज्याला परवान्याच्या भाषेत ‘टुरिंग टॉकीज’ असे नाव होते, हा जत्रेच्या आणि आठवडी बाजाराच्या वेळापत्रकावर चालणारा धंदा होता. मालक आपला लवाजमा, म्हणजे कनाती, बांबू, दोरखंड, पडदा, भोंगे, जनरेटर आणि प्रक्षेपणयंत्र, मालमोटारीत भरून एका यात्रेवरून दुसऱ्या यात्रेवर जाई, आणि तमाशाच्या फडांशेजारी, पाळण्यांच्या आणि मिठाईच्या दुकानांच्या गर्दीत, जागा मिळेल तिथे तंबू ठोकी. दिवसा कापडातून उजेड झिरपत असल्याने खेळ अंधार पडल्यावरच लागे, आणि तो लागण्यापूर्वी तास दोन तास भोंग्यावर गाण्यांच्या तबकड्या वाजत, कारण गाणे ऐकू आले की शेजारच्या वस्तीवरून बैलगाड्या निघत. आत खुर्च्या नसत, सतरंजीही क्वचितच. प्रेक्षक मातीवर बसत, आणि बायकांची बाजू वेगळी, पुरुषांची वेगळी, मध्ये दोर किंवा कापडाची आड असे. पडदा मात्र दोघांना एकच होता.

यंत्र चालवणाऱ्याचे काम जवळून पाहण्यासारखे होते. प्रकाशासाठी कोळशाच्या, म्हणजे कार्बनच्या, दोन कांड्या समोरासमोर आणून त्यांच्या टोकांमध्ये विजेची ठिणगी पेटवली जाई, आणि कांड्या जळून आखूड होत जात तसतसे त्यांतील अंतर हाताने सावरत राहावे लागे. लक्ष जरा चुकले की पडद्यावरची नायिका आधी पिवळी, मग करडी होऊन अंधारात बुडे आणि प्रेक्षकांतून शिट्ट्या येत. पस्तीस मिलिमीटर रुंदीच्या फितीचे हजार फुटांचे एक रीळ साधारण अकरा मिनिटे चाले, त्यामुळे तीन तासांच्या चित्रपटाला सोळा-सतरा रिळे लागत. पक्क्या चित्रपटगृहात दोन यंत्रे असल्याने एक रीळ संपताच दुसरे सुरू करता येई, पण तंबूतल्या एकट्या यंत्राला थांबून रीळ बदलण्यावाचून गत्यंतर नसे. त्या थांब्यात दिवे लागत, लहान मुले रडू लागत, शेंगदाणेवाला फिरून जाई. हे थांबे धंद्याचा भाग होते आणि कोणता चित्रपट तंबूत टिकेल हे त्यांनीच बरेचसे ठरवले होते. दर अकरा किंवा बावीस मिनिटांनी तुटणाऱ्या खेळाला असा चित्रपट लागे, जो कुठूनही पुन्हा धरता येईल: ज्यात गाणे आहे, मारामारी आहे, देवाचा चमत्कार आहे किंवा द्वयर्थी विनोद आहे. एखाद्या पात्राच्या मनात हळूहळू साचत जाणारी भीती दाखवणारा चित्रपट रीळ बदलताना लागलेल्या दिव्यांत विरून जाई.

चित्रपटाची प्रत, जिला सगळे ‘प्रिंट’ म्हणत, पत्र्याच्या पेटीतून येई, आणि ‘पेटी आली का’ हा मालकाचा रोजचा प्रश्न असे. मोठ्या शहरातल्या पहिल्या फेरीत प्रिंट नवी असे, तिथून ती जिल्ह्याला जाई, मग तालुक्याला, आणि शेवटच्या फेरीत तंबूत पोहोचेपर्यंत तिच्यावर इतके ओरखडे उमटलेले असत की पडद्यावर उभ्या रेघांचा पाऊस पडत राही आणि तुटून जोडलेल्या ठिकाणी पात्र एका वाक्यातून थेट पुढच्या खोलीत उडी मारी. ज्या चित्रपटाच्या मुळातच थोड्या प्रिंट निघाल्या, त्याला ही उतरंड उपलब्धच नव्हती. तो पहिल्या पायरीवर थांबला की खालच्या पायऱ्यांना त्याचे नावही कळत नसे. पेटीसाठी मालक कधी ठरावीक भाडे देई, कधी उत्पन्नाची टक्केवारी, आणि दोन्ही पद्धतींत तोटा झाल्यास तो त्याच्याच अंगावर येई. म्हणून ‘सांगत्ये ऐका’ (१९५९), जो पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात १३१ आठवडे चालला, किंवा दादा कोंडके यांचा ‘सोंगाड्या’ (१९७१), किंवा ‘जय संतोषी माँ’ (१९७५) यांसारखे चित्रपट वर्षानुवर्षे तंबूंत फिरत राहिले. तंबूवाल्यांना अभिरुची नव्हती असे म्हणणे शहरी समीक्षेला सोपे जाते. उद्याच्या डिझेलचा खर्च आजच्या तिकिटांतून काढणाऱ्या माणसाने प्रयोगाचा धोका पत्करावा ही अपेक्षाच अवास्तव होती.

नेमक्या सत्तरच्या दशकात मुंबई-पुण्यात एक वेगळा मराठी चित्रपट आकार घेत होता. त्याला ‘स्वतंत्र’ म्हणायचे ते एवढ्याच अर्थाने की त्यामागे मोठी निर्मितिसंस्था वा वितरकाची आगाऊ रक्कम नव्हती आणि पैसा बहुधा निर्मात्याचा स्वतःचा, मित्रांचा किंवा कर्जाचा असे. त्यातील काही चित्रपट ‘मानसनाट्य’ या नावाला पात्र होते, म्हणजे त्यांतील संघर्ष बाहेरच्या घटनांपेक्षा पात्राच्या मनात, त्याच्या अपराधभावात, वासनेत किंवा भयात घडत होता. १९६८ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या ‘प्रभात चित्र मंडळ’सारख्या फिल्म सोसायट्यांनी, म्हणजे सभासदांपुरते देशोदेशीचे चित्रपट दाखवणाऱ्या संस्थांनी, अशा चित्रपटांना पहिला प्रेक्षक मिळवून दिला.

या प्रवाहाच्या आरंभी सत्यदेव दुबे यांचा ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९७१) हा कृष्णधवल चित्रपट येतो. विजय तेंडुलकरांच्या नाटकावरून त्यांनीच पटकथा लिहिली, छायाचित्रण गोविंद निहलानी यांचे होते, आणि लीला बेणारे या शिक्षिकेच्या भूमिकेत सुलभा देशपांडे होत्या. खेड्यात प्रयोगाला आलेली एक नाटकमंडळी वेळ घालवण्यासाठी लुटुपुटूचा खटला चालवते आणि त्या खेळात एका स्त्रीचे खासगी आयुष्य उघडे पाडले जाते, ही कथा खेड्यातल्या सभागृहात घडत असली तरी तिच्यातील क्रौर्य शहरी मध्यमवर्गाचे आहे. त्याच चित्रपटात एका भूमिकेत अमोल पालेकर हा चित्रकलेचे शिक्षण घेतलेला तरुण नट होता. दहा वर्षांनी ‘आक्रीत’ दिग्दर्शित करणारा तो हाच.

बीड जिल्ह्याला लागून असलेल्या जामखेडचे रामदास फुटाणे हे चित्रकला-शिक्षक निर्माते म्हणून पुढे आले ते ‘सामना’ (१९७५) घेऊन. पटकथा पुन्हा तेंडुलकरांची, दिग्दर्शन जब्बार पटेल यांचे, आणि बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेसाठी निवड. साखर कारखान्याचा सर्वेसर्वा असलेला एक पुढारी आणि अचानक गावात उगवलेला एक दारुडा मास्तर यांच्यातील झुंज दाखवणारा हा चित्रपट राजकीय म्हणून वाखाणला गेला. पण पुढाऱ्याच्या मनात एका बेपत्ता माणसाचे नाव कसे रुतत जाते, हा त्याचा खरा गाभा आहे. पुढे फुटाणे यांनी स्वतः ‘सर्वसाक्षी’ (१९७८) दिग्दर्शित केला, त्यात स्मिता पाटील होत्या आणि विषय खेड्यातील अंधश्रद्धेचा होता. ‘सामना’ आला त्याच १९७५ मध्ये महाराष्ट्र शासनाने मराठी चित्रपटांसाठी करपरतावा योजना आणली, म्हणजे तिकिटांवर गोळा झालेल्या करमणूक कराचा हिस्सा पुढच्या चित्रपटासाठी निर्मात्याला परत देण्याची तरतूद केली. तिने मराठी चित्रपटसृष्टीला आधार दिला यात शंका नाही, पण परतावा तिकीटविक्रीच्या प्रमाणात मिळत असल्याने ज्याचा गल्ला मोठा त्यालाच ती मोठा हात देई.

‘आक्रीत’ची पार्श्वभूमी गोदावरीच्या पलीकडची आहे. बीड जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून वाहणारी ही नदी ओलांडून पाथरीच्या पुढे परभणी जिल्ह्यातील मानवत लागते. लिंबागणेशपासून हे अंतर रस्त्याने शंभर किलोमीटरहून जास्त आहे. १४ नोव्हेंबर १९७२ ते ४ जानेवारी १९७४ या काळात मानवत येथे दहा खून झाले, आणि मृत झालेल्यांमध्ये लहान मुली आणि स्त्रिया होत्या. तो मोठ्या दुष्काळाचा काळ होता. माणसे खडी फोडायला रस्त्याच्या कामावर जात होती आणि घरे दिवसभर ओस असत. स्थानिक पोलिसांना धागा सापडेना तेव्हा तपास मुंबईहून आलेले अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांच्याकडे गेला. अभियोगपक्षाचे म्हणणे असे होते की गावातील एका धनवान पुरुषाच्या आणि त्याच्याबरोबर राहणाऱ्या स्त्रीच्या इच्छेखातर, गुप्तधन मिळावे आणि अपत्यप्राप्ती व्हावी म्हणून, पिंपळावरच्या मुंजाला बळी दिले गेले. मुंजा म्हणजे मुंज होऊन लग्नाआधी मेलेल्या मुलाचे पिशाच. मराठवाड्यात त्याच्या नावाचे पार आणि पिंपळ गावोगाव आढळतात आणि बहुतेक ठिकाणी त्याला नारळ आणि दिव्यापलीकडे काही मागणे नसते.

खटल्याचा शेवट सर्वोच्च न्यायालयात एप्रिल १९७७ मध्ये झाला. हा निकाल कायद्याच्या अभ्यासकांना आजही परिचित आहे तो माफीच्या साक्षीदाराच्या, म्हणजे स्वतः गुन्ह्यात सामील असून शिक्षामाफीच्या बदल्यात साक्ष देणाऱ्याच्या, जबाबावर किती विसंबावे आणि दंडाधिकाऱ्यासमोरील कबुलीजबाब कसा नोंदवावा, या प्रश्नांच्या चर्चेमुळे. ज्यांच्या इच्छेपोटी सारे घडले असे म्हटले गेले होते ती दोघे अखेर निर्दोष सुटली. न्यायालयाने आपले काम केले. पुराव्याचा हात जिथवर पोहोचतो तिथवर ते गेले आणि थांबले. इच्छा, भीती, म्हातारपणाची चाहूल, ज्या मुलीला रोज दारासमोरून जाताना पाहिले तिच्याकडे एक दिवस वेगळ्या नजरेने पाहणे, या गोष्टी कोणत्याही पंचनाम्यात येत नाहीत. तेंडुलकर आणि पालेकर यांनी जिथून सुरुवात केली ती ही जागा होती.

तेंडुलकर त्या वेळी हिंसेच्या प्रश्नाने झपाटलेले होते. सत्तरच्या दशकाच्या पूर्वार्धात त्यांना समाजातील वाढत्या हिंसेच्या अभ्यासासाठी जवाहरलाल नेहरू अभ्यासवृत्ती मिळाली होती, आणि ‘निशांत’ (१९७५), ‘आक्रोश’ (१९८०), ‘अर्धसत्य’ (१९८३) या हिंदी चित्रपटांचे त्यांचे लेखन त्याच शोधाच्या वाटेवरचे आहे. या मालिकेत ‘आक्रीत’चे नाव क्वचितच घेतले जाते, ही मराठी समीक्षेची ढिलाई म्हणावी लागते, कारण इतर तीन चित्रपटांत हिंसा वरून खाली येते, सत्तेकडून दुबळ्यांकडे, आणि प्रेक्षकाला तिच्या विरुद्ध उभे राहणे सोपे जाते. ‘आक्रीत’मध्ये ती घराच्या आत, दोन माणसांच्या एकमेकांवरील अवलंबनातून वाढते. गावातील वजनदार मुकुटराव शिंदे आणि त्याच्यासोबत राहणारी, गावकुसाबाहेरच्या समाजातून आलेली रूही, ही दोघे चित्रपटाच्या केंद्रस्थानी आहेत. वय उताराला लागलेल्या, मूल नसलेल्या आणि लग्नाचा आधार नसलेल्या रूहीला आपले स्थान हातातून निसटताना दिसते, आणि कोवळ्या मुलींच्या बळींतून ते परत मिळेल ही कल्पना त्या घरात हळूहळू शक्य, मग आवश्यक आणि शेवटी साधी वाटू लागते. या चित्रपटाचे वेगळेपण याच चढत्या पायऱ्यांत आहे. फ्रिट्झ लांग यांचा ‘एम’ (१९३१) हा जर्मन चित्रपट मुलींच्या खुन्याला शहराच्या गर्दीत एकटा पाडतो आणि त्याचा आजार त्याच्या तोंडून ऐकवतो. ‘आक्रीत’मधील माणसे आजारी नाहीत, ती संसार करत आहेत.

भूमिकांची निवडही मुद्दाम केलेली होती. ‘रजनीगंधा’ (१९७४) पासून ‘गोलमाल’ (१९७९) पर्यंतच्या हिंदी चित्रपटांतून पालेकर हे साध्या, बुजऱ्या, नोकरदार तरुणाचे नाव झाले होते. बसच्या रांगेत शेजारी उभा असावा असा हा चेहरा. आपल्या पहिल्याच दिग्दर्शनात त्यांनी तोच चेहरा मुकुटरावाला दिला आणि रूहीच्या भूमिकेसाठी चित्रा पालेकर यांना घेतले. प्रेक्षकाला ओळखीचा वाटणारा माणूस काय करू शकतो, हा प्रश्न त्यामुळे आपोआप उभा राहतो आणि त्यासाठी एकही संवाद खर्ची पडत नाही. संगीत भास्कर चंदावरकर यांचे होते. नाँत या फ्रेंच शहरात १९७९ पासून भरणाऱ्या तीन खंडांच्या, म्हणजे आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेच्या, चित्रपटांच्या महोत्सवात ‘आक्रीत’ला परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला. पालेकरांचा पुढचा चित्रपट ‘अनकही’ (१९८५) हा हिंदीत होता आणि चिं. त्र्यं. खानोलकर यांच्या ‘कालाय तस्मै नमः’ या नाटकावर आधारलेला होता. ज्योतिषाच्या भाकिताखाली दबत जाणाऱ्या मनाचा तो विषय ‘आक्रीत’शी नाते सांगतो.

शीर्षकाचा शब्दही पाहण्यासारखा आहे. जे कधी झाले नव्हते, होऊ नये, ते घडले की ग्रामीण मराठीत ‘आक्रीत झालं’ असे म्हणतात. गाईला दोन तोंडांचे वासरू झाले तरी आक्रीत, आणि सुनेने सासऱ्याला उलट उत्तर दिले तरी आक्रीत. मराठवाड्यातील बायकांच्या बोलण्यात हा शब्द हनुवटीला बोट लावून येतो आणि त्यात भीती असते तशी थोडी चवही असते. तेंडुलकरांच्या कानाने हे नेमके टिपले: घटनेकडे ‘आक्रीत’ म्हणून पाहिले की ती आपली उरत नाही, कुठून तरी बाहेरून आलेली ठरते, आणि तिच्यावर बोलत राहण्याची मोकळीक मात्र मिळते.

चित्रपट निर्दोष आहे असे नाही. रूहीला भटक्या समाजातील दाखवताना, १८७१ च्या कायद्याने ‘गुन्हेगार’ म्हणून शिक्का मारलेल्या आणि १९५२ मध्ये तो शिक्का कागदावरून पुसला गेलेल्या जमातींबद्दलचा गावाचा पूर्वग्रह प्रेक्षकाच्या मनात पक्का होण्याचा धोका होता आणि आहे. मुकुटरावाच्या बाजूला घर, जमीन, प्रतिष्ठा असताना करणीचा आणि बळीचा विचार जिच्याकडे काहीच नाही तिच्या अंगाला चिकटून राहतो, ही उणीव आजच्या प्रेक्षकाला अधिक टोचेल. ती टोचावी आणि तरी चित्रपट पाहावा. त्या उणिवेतही मराठवाड्यातील गावगाड्याची एक खरी नोंद आहे.

अशा चित्रपटाला निजाम सर्किटच्या वाटेवर जागा नव्हती. त्यात नाचगाण्यांचा भरणा नव्हता, शेवटी दुष्टाला मिळणारे कडक शासन नव्हते, आणि ज्या प्रदेशाची ती कथा होती तिथल्या तंबूत, मध्ये कापडाची आड टाकून एका बाजूला मुलींना मांडीवर घेऊन बसलेल्या आया असताना, तो दाखवण्याचे धैर्य कोणत्या मालकाला झाले असते हे सांगणे कठीण आहे. पुढे दूरदर्शनने ऐंशीच्या दशकात रविवारी दुपारी पुरस्कारप्राप्त प्रादेशिक चित्रपट दाखवायला सुरुवात केली तेव्हा ग्रामपंचायतीच्या कार्यालयातील किंवा एखाद्या गुरुजींच्या घरातील संचावर अशा चित्रपटांची पहिली ओळख अनेक गावांना झाली. वीज गेली नाही तर.

मराठी मानसनाट्याची दुसरी वाट सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी काढली, आणि तिच्यात वितरणाचाही वेगळा विचार होता. स्किझोफ्रेनिया, म्हणजे आभास आणि भ्रम यांनी वास्तवाशी असलेले नाते तुटत जाणारा मनोविकार, हा विषय असलेल्या ‘देवराई’ (२००४) च्या मागे कॅनडातील कॅलगरी येथे संख्याशास्त्राचे प्राध्यापक असलेले जगन्नाथ वाणी होते, ज्यांनी पुण्यात या आजारासंबंधी जनजागृती करणारी संस्था उभी केली होती. अतुल कुलकर्णी यांनी साकारलेला शेष आणि त्याची बहीण यांच्या या कथेत देवासाठी राखलेले, कुऱ्हाड न लागलेले रान हेच मनाचे रूपक होते. नैराश्यावरील ‘कासव’ला २०१६ च्या सर्वोत्कृष्ट भारतीय चित्रपटाचे सुवर्णकमळ मिळाले, ‘श्यामची आई’, ‘श्वास’, ‘देऊळ’ आणि ‘कोर्ट’ यांच्यानंतरचा तो पाचवा मराठी चित्रपट. २०१७ मध्ये संसदेने केलेल्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरून त्याला शिक्षेपासून संरक्षण दिले. चित्रपटाचे निर्माते मोहन आगाशे हे स्वतः मनोविकारतज्ज्ञ; त्यांनी चित्रपटगृहांवर विसंबून न राहता संस्था आणि महाविद्यालये यांच्यापर्यंत चित्रपट नेऊन, खेळानंतर प्रेक्षकांशी बोलण्याची पद्धत अवलंबिली. यंत्र घेऊन प्रेक्षकाकडे जाण्याची ही रीत तंबूवाल्यांचीच होती. फरक एवढाच की येथे दिवे लागल्यावर शेंगदाणेवाल्याऐवजी डॉक्टर पुढे येत.

बीडच्या बाबतीत या चर्चेला एक कोरडा संदर्भ आहे. राज्य शासनाची चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे आहेत. मराठवाड्यात त्यांतील एकही नाही. बालाघाटावरच्या घरात कोणाचे चित्त ठिकाणावर राहिले नाही तर येरवड्याची वाट धरण्याआधी देवऋषी, दर्गा आणि ‘बाहेरचे’ पाहणारा भगत हे टप्पे येतात, आणि त्यात नुसते अज्ञान आहे असे म्हणणे म्हणजे एसटीचे तिकीट आणि बुडणारी मजुरी हिशेबात न धरणे होय. महाराष्ट्राने २०१३ मध्ये नरबळी आणि अघोरी प्रथांविरुद्धचा कायदा केला, तो मानवतनंतर चाळीस वर्षांनी आणि अंधश्रद्धाविरोधी कार्यकर्ते नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर काही दिवसांतच वटहुकूम निघून.

तंबूंचा धंदा याच सुमारास मोडकळीला आला. रिळांची जागा डिजिटल प्रतींनी घेतली, पेट्या येणे थांबले, आणि जुनी यंत्रे भंगाराच्या भावाने गेली. महाराष्ट्रातील फिरत्या चित्रपटगृहांची ही अखेर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांच्या ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ (२०१६) या माहितीपटात पाहायला मिळते. तो प्रथम कानच्या महोत्सवात दाखवला गेला.

ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘मानवत मर्डर्स’ ही आशिष बेंडे दिग्दर्शित मराठी मालिका ओटीटीवर, म्हणजे इंटरनेटवरून घरबसल्या पाहण्याच्या माध्यमावर, आली, आणि तपास अधिकारी कुलकर्णी यांच्या भूमिकेत आशुतोष गोवारीकर होते. पन्नास वर्षांपूर्वीची मराठवाड्याची गोष्ट मराठवाड्यातल्या फोनवर मुंबईबरोबर त्याच दिवशी पोहोचली. सर्किट नाही, पेटी नाही, रीळ बदलण्याचा थांबा नाही. मालिका तपास अधिकाऱ्याच्या खांद्यावरून पाहते, त्यामुळे तिला रहस्य आहे आणि उकल आहे, आणि गाव हे संशयितांचे गाव आहे. ‘आक्रीत’मध्ये पोलीस येण्याच्या कितीतरी आधीची संध्याकाळ आहे: वाड्यात दिवा लागलेला, बाहेर कोणाची तरी मुलगी शेळ्या घेऊन परतते आहे, आणि आत दोन माणसे एकमेकांशी हलक्या आवाजात बोलत आहेत.